कापसाचा पीळ आणि मेंदूच्या वळ्या

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉन्व्होल्यूशन नावाचं गणित माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या घराच्या पायरीवर बसून मी मोठ्यानं घोकायचे: एक सिग्नल उलटा करायचा, दुसऱ्यावरून सरकवायचा, जागोजागी गुणायचं, मग बेरीज.

शेजारचे काका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. एका दुपारी माझं घोकणं ऐकून ते थांबले.

"हा शब्द तुमच्यात कसा? हा तर आमच्या कापसाचा हाय की."

ते मला घरी घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा एक तंतू ठेवला. पिळलेल्या फितीसारखा दिसला.

"बोंड फुटलं की पोकळ तंतू वाळून चपटा होतो, पीळ घेतो. त्या पिळाला आमी कॉन्व्होल्यूशन म्हणायचो. त्याच्यामुळंच तंतू एकमेकाला धरतात."

मग त्यांनी माझी वही उघडली. "ह्यो सिग्नल उलटा का करायचा?"

मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना विचारलं आणि संध्याकाळी काकांना सांगितलं: सिग्नल म्हणजे एकामागून एक बसणारे धक्के; आधी बसलेल्या धक्क्याचा परिणाम आत्तापर्यंत जास्त विरलेला असतो, ताज्याचा कमी. तो हिशेब जुळावा म्हणून उलटा. सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी काकांना घेरी आली. मुलगा परगावी, म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला.

"या मेंदूच्या वळ्या. सगळं ठीक आहे, काका."

"वळ्यांना इंग्रजीत काय म्हणता?"

"कॉन्व्होल्यूशन्स. एवढा पृष्ठभाग कवटीत मावायचा तर दुमडावाच लागतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आणि हे चित्र मशीननं तयार केलं, त्यातही माझ्या वहीतलं कॉन्व्होल्यूशन आहे."

घेरीची काळजी काकांच्या चेहऱ्यावरून गेली. त्यांनी डॉक्टरांना कापसाचं सगळं सांगितलं. बाहेर पेशंट बसलेले, तरी डॉक्टर ऐकत राहिले.

"पीळ एकाच दिशेनं पडतो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. मधेच उलटा फिरतो. का फिरतो, ते मलाबी पुरतं ठाऊक न्हाय," काका म्हणाले.

सगळी नोकरी ज्यात गेली, त्यातलं न कळलेलं त्यांनी किती सहज सांगितलं. आता मी शिकवते. वर्गात अडले की तसंच, मला ठाऊक नाही म्हणून सांगायचा प्रयत्न करते. दरवेळी जमतंच असं नाही.