अक्कांची सही

सबंध धारवाडात आमच्या घरमालकीणबाईंइतकी काळजी करणारं माणूस त्या काळात दुसरं नव्हतं. आमची सगळी मळमड्डी वस्ती त्यांना अक्का म्हणायची. मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि माडीवरच्या खोलीत मी त्यांचा भाडेकरू होतो. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि चौथ्यांदा मला ओढायला लावत. बस उणकलला थांबते का, हे कंडक्टरला विचारून झालं की ड्रायव्हरला विचारत आणि दोघांची उत्तरं जुळली तरच आत बसत. रेशनकार्डाच्या त्यांनी सात झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. "आणि या सातही हरवल्या तर?" असं मी एकदा गमतीनं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी आठवी काढून ती माझ्याकडे ठेवायला दिली.

अशा बाईंना साठीच्या घरात कॉम्प्युटरचं वेड लागलं. त्यांच्या शाळेला कुणीतरी तीन जुने कॉम्प्युटर दिले होते, निवृत्त झाल्यावरही ते अक्काच सांभाळत, आणि त्यांत लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर घातलेलं होतं. ते फुकट मिळतं याचं अक्कांना फारसं कौतुक नव्हतं. पण त्याच्या पोटातलं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं, हे कळल्यावर मात्र त्या खूश झाल्या. "झाकण काढून बघता येतं ना, मग चालेल," म्हणाल्या. पडद्यावरचं इंग्रजी मुलींना अडतं म्हणून त्या शब्दांना मराठी आणि कन्नड प्रतिशब्द शोधत बसत. भर दुपारी जिन्याखालून हाक यायची, "अरे, 'डिलीट'ला काय म्हणू? 'पुसा' म्हटलं तर पोरी ओढणीनं पडदा पुसतील!"

त्याच सुमारास एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं जाहीर केलं, की आता लिनक्स आम्ही सुधारणार. हुबळीत केशवापूरच्या एका हॉलमध्ये त्यांची सभा झाली. टाय लावलेल्या साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली: सुबक अक्षरं, फोनवर मदत, सगळं कायम मोफत. टाळ्या थांबल्यावर अक्का उभ्या राहिल्या. "सुधारणार म्हणजे नेमकं काय करणार? आणि उद्या तुम्हाला कंटाळा आला तर?"

"मॅडम, आमच्यावर विश्वास ठेवा."

"विश्वास आहे हो. म्हणून तर लेखी मागते."

हॉल हसला. मीही हसलो, कारण मला त्या कंपनीत चिकटायचं होतं. दोन महिन्यांत चिकटलोही. गावातल्या शाळांमधलं जुनं लिनक्स काढून कंपनीचं सुधारलेलं बसवायचं, हे माझं काम. पहिलीच शाळा अक्कांची निघाली, आणि मुख्याध्यापिकांनी सांगितलं, की अक्कांची सही असेल तरच कॉम्प्युटरला हात लावा.

तो कागद अक्कांनी भिंग लावून तीन दिवस वाचला. "सुधारणा पुष्कळ आहेत रे यात. पण शाळेचे सगळे कागद यांच्या कुलपात जाणार. किल्ली कुणाकडे?" मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, वरून रोज फोन येत होता. माझा तोल गेला. "अक्का, तुम्ही सही केली नाहीत तर माझी नोकरी जाईल!" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, भिंग बाजूला ठेवलं आणि सही केली. मी जिंकलो असं मला वाटलं.

दीड वर्ष छान गेलं. अक्षरं खरंच सुबक होती. मग एका सकाळी कंपनीचं पत्र आलं: धोरण बदललं आहे, शाळांची योजना बंद. मदतीचा फोन नुसता वाजत राही. माझे साहेबही उचलेनात. महिन्याभरात कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपली आणि शाळेच्या फायली उघडेनाशा झाल्या. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर, आणि सगळ्या प्रश्नपत्रिका आत. अक्कांच्या पायरीवर मी अर्धा तास बसून राहिलो. दार वाजवायचा धीर होईना. शेवटी त्यांनीच दार उघडलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"अय्यो," एवढंच म्हणाल्या. चपला घातल्या. त्या दिवशी कुलूप त्यांनी एकदाच ओढलं.

शाळेत गेल्यावर पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या सीडी निघाल्या. जुनं लिनक्स आणि त्यांचे सगळे शब्द त्यांनी जपून ठेवले होते. दोन दिवसांत तिन्ही कॉम्प्युटर चालू झाले. प्रश्नपत्रिका मात्र गेल्या त्या गेल्याच. शिक्षिका वहीतून सांगत आणि अक्का नि मी टाइप करत बसलो. "अक्का, साकु बिडरी, बास आता, उरलेलं हातानं लिहू," मुख्याध्यापिका म्हणत होत्या. अक्का मान वर करत नव्हत्या. परीक्षा ठरल्या दिवशी झाली.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "अक्का, तुमचंच खरं झालं."

"कसलं खरं! कळत असून सही केली मी. नोकरी जाईल म्हणालास आणि मी घाबरले." मग म्हणाल्या, "गेलीच का रे ती?"

"गेली."

मळमड्डीला उतरल्यावर रिक्षाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

पुढे बंगळूरला मला दुसरी नोकरी मिळाली. निघताना मी म्हटलं, "अक्का, दर दिवाळीला येईन." त्या "ये" म्हणाल्या. दुसरं काही विचारलं नाही. दोन दिवाळ्या मी गेलो. तिसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही, आणि चौथ्या वर्षी मी मागितलीच नाही. त्या गेल्यावर शेजारच्यांनी सांगितलं, शेवटच्या दिवाळीतही बंगळूरच्या गाडीची वेळ झाली की अक्का फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या.