कॉम्प्युटरला माता आली तेव्हा

"पहिले तार काढा वं वहिनी, मंग रडा."

कॉम्प्युटर बिघडल्याचा फोन कोणीही केला, की आमच्या जरीपटक्याच्या गल्लीतले भाऊजी आधी एवढंच म्हणायचे. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, पाहून पाहून हे शिकलेला. तार म्हणजे इंटरनेटची. चोर आत शिरलाच असेल, तर त्याला बाहेरच्या साथीदारांशी बोलू द्यायचं नाही, हे त्यांचं शास्त्र.

माझं झालं असं, की कुरिअर अडकल्याचा निरोप आला आणि मी भाबडी, त्यावर क्लिक करून बसले. हसू नका, तुमच्यातल्या किती जणांनी केलं आहे ते मला माहीत आहे. पडद्यावर जाहिराती नाचायला लागल्या. भाऊजी आले ते कडुलिंबाचा डहाळा घेऊनच. लेकराला माता आली, म्हणजे कांजिण्या झाल्या, की दारावर लावतो ना आपण, तसा त्यांनी तो पडद्यावर बांधला.

"हे काहून, भाऊजी?"

"पाटी लावली त वाचते कोण? हे पाहून कोणी हात लावत नाही."

खरंच सांगते, भिशीच्या बाया दारातूनच परतल्या. शेजारणीने तर माता शांत व्हावी म्हणून कॉम्प्युटरपुढे दहीभात ठेवला. भाऊजींनी तो खाल्ला आणि कामाला लागले. माझ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. मग म्हणाले, सगळं पुसावं लागेल, काय वाचवू?

मी म्हटलं, एकच. आमच्या ह्यांचा आवाज. हे जाऊन चार वर्षं झाली होती आणि आवाज तेवढाच उरला होता: तीन मिनिटं, वरणात मीठ जास्त झालं म्हणून मला रागावतानाचा. नातीने गमतीत टिपलेला.

तेवढी फाईल भाऊजींनी पेनड्राइव्हवर घेतली, घरी नेऊन तपासली. माझा कॉम्प्युटर पार कोरा केला, सगळं नव्याने भरलं. दोन दिवस मला घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी फाईल परत घातली आणि मान खाली घालून पूर्ण तीन मिनिटं ऐकत बसले. धड आहे का ते अर्ध्यात कळत नाही म्हणे. मी पदराने डोळे पुसत होते.

"आवाज साफ हाय, वहिनी," ते म्हणाले. "अन् दादाचं म्हणणंही बरोबर हाय. वीस वर्षांपासून तुमच्या इथं जेवून राहिलो, पण मले बोलता नाही आलं."

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. अशा दिवशी घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून वरणभात मी नेला. मीठ हात आखडून घातलं होतं.

सगळ्यांनी वरून मीठ मागून घेतलं.