तीन गाजलेले आणि एक वाजवणारा

महिन्यापूर्वी सकाळी वहिनींचा फोन आला. "हे गेले, भावजी," एवढंच म्हणाल्या... अरुण माझा आत्तेभाऊ. ड्रम वाजवायचा.

शोकसभेला त्याचे तीन जुने साथीदार आले होते. एक गायक, दोन गिटारवाले. गायकानं काळा चष्मा न काढताच सांगितलं, की आम्ही चौघं एकजीव होतो. मला किळस आली.

नव्वदीच्या अखेरीस हे तिघं कोल्हापुरातल्या तीन गाजलेल्या रॉक बँडचे म्होरके होते. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये डोक्यावर घेतलेले, तिथून कधी खाली न उतरलेले. तिघांनी मिळून एकच जंगी बँड काढायचं ठरवलं आणि अरुणला बोलावलं. त्यासाठी त्यानं आपला चांगला चाललेला बँड सोडला. तालमी कसल्या, नाव कुणाचं पुढं यावर नुसती भांडणं. शेवटी बिननावाचाच बँड पन्हाळ्याला गेला.

तिथं हॉटेलच्या हिरवळीवर, दुसऱ्याच गाण्यात एका गिटारवाल्यानं आपल्या गिटारचा आवाज वाढवला. दुसऱ्यानं त्याच्याहून वाढवला. गायकाला कुणी ऐकेना, तेव्हा तो माईक टाकून चालता झाला आणि ते दोघं भांडत त्याच्यामागं. लोक उठायला लागले. अरुण मात्र मान खाली घालून एकटाच वाजवत राहिला... हळूहळू निघालेली माणसं परत बसली.

उतरताना गाडीत तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की अरुणनं आपला कार्यक्रम पळवला. त्याला काढून टाकलं. पुढं महिनाभरात बँडही मोडला. अरुणच्या जुन्या बँडनं तोवर दुसरा ड्रमवाला घेतलेला. मग अरुणनं आपले ड्रम कुरुंदवाडच्या एका ओळखीच्याला देऊन टाकले आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान घातलं. मी एकदा विचारलं, राग येत नाही का? म्हणाला, "त्यास्नी एकमेकाचंच ऐकू येत न्हवतं. माझं काय येणार?"

तरी आजारपणात त्यानं तिघांनाही निरोप धाडला, एकदा भेटून जा म्हणून. कुणी फिरकलं नाही.

सभा संपल्यावर गायक वहिनींपाशी आला. कधीही हाक मारा, म्हणाला.

"ह्यांनी मारली व्हती की," वहिनी म्हणाल्या.

परवा त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. अरुणला जेवताना टेबलावर बोटं वाजवायची सवय. पाणी सांडायचं, म्हणून वहिनी कायम डाव्या हातानं तांब्या धरून जेवायच्या... परवाही धरला होता.