गडचांदूरचा पी.पी. नंबर

रफीकच्या बायोडाटावर सगळ्यात खाली जो फोन नंबर होता, तो माझा. म्हणजे माझ्या एस.टी.डी. बूथचा. नंबरापुढे पी.पी. लिहिलेलं. ज्याच्या घरी फोन नाही तो त्या काळी शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे ही दोन अक्षरं टाकायचा, लग्नपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत. आमच्या गल्लीतल्या निदान तीस घरांचा पी.पी. मीच. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोण गेलं, सगळं आधी माझ्या कानात. लोकांना वाटायचं, धनराजभाऊची मजा आहे. कसली मजा? हातातला घास ताटात टाकून उन्हात उभं राहून हाका मारायच्या.

रफीकचं घर बूथच्या अगदी समोर. त्याचा बाप अजीम पेंटर. इथल्या सिमेंट कारखान्याच्या ट्रकांवर नंबर, मोर, गुलाब आणि मालकाच्या पोरांची नावं रंगवण्यात त्याचा जन्म गेला. रफीक चंद्रपूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर झाला तेव्हा अजीमनं गल्लीत सगळ्यांना एकच सांगितलं, "माह्या पोराच्या हाताले आता रंग नाई लागत." कॉलेजात एक कंपनी येऊन गेली होती आणि चार पोरांना पत्र देऊन गेली होती. त्या चारांत रफीक होता. मग दुसरं पत्र आलं, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे. मग तिसरं. चौथं आलंच नाही.

ते दोन हजार एक साल. सप्टेंबरात अमेरिकेत त्या इमारती पडल्या आणि पंधरा दिवसांनी रफीक एक बॅग आणि एक फाईल घेऊन बल्लारशाहून हैदराबादच्या गाडीत बसला. मी म्हटलं, लेका, सगळीकडे मंदी म्हणून राह्यले, थोडा थांब. तो म्हणाला, "इथी बसून कोण विचारते भाऊ? तिथी गेलो तर निदान दारात तरी उभा राहीन."

आणि दारातच उभा राहिला. हैदराबादच्या अमीरपेठेत एका खोलीत सहा पोरं. सकाळी बूट पुसायचे, फाईल बगलेत मारायची आणि चालत सुटायचं. कंपनीत आत कोणी सोडत नव्हतं. फाटकावरचा वॉचमन बायोडाटा घ्यायचा आणि पायाशी ठेवलेल्या खोक्यात टाकायचा. एकदा रफीक एका कंपनीपुढे दुसऱ्यांदा गेला, तर तेच खोकं रद्दीवाला सायकलला बांधत होता. हे त्यानं मला फोनवर हसत सांगितलं. मला त्या वॉचमनची मान धरावीशी वाटली.

दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. त्याची आई, कमरजहाँ भाभी, पावणेदहापासून बूथच्या बाकावर येऊन बसायची. रिसीव्हर हातात घेतला की तिचा एकच प्रश्न, "लगी क्या बेटा?" पलीकडून काहीतरी लांबलचक यायचं. ती "अच्छा, अच्छा" म्हणायची, दुवा द्यायची आणि हळूहळू रस्ता ओलांडून घरी जायची. असे सात-आठ महिने. शेवटी शेवटी त्या दोघांचं बोलणं इतकं लहान झालं, की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

जानेवारीत भाभीनं मन्नत मागितली. पोराला नोकरी लागेपर्यंत दर गुरुवारी रोजा. थंडीत निभावलं. पण आमच्याकडचा मे महिना काय असतो, ते आमच्याकडच्यालाच ठाऊक. वर टिनाचं छत, अंगावर सिमेंटची धूळ, आणि ही बाई दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हती. पहिल्याच गुरुवारी नळावर पाण्यानं भरलेली पितळी गुंडी उचलताना कोसळली. डॉक्टरनं दोन सलाईन लावल्या आणि रोजे बंद करा म्हणून दटावलं. ती ऐकते थोडीच! "जुबान दी है मैंने," एवढंच म्हणाली.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी भाभीला हाकच मारली नाही. आधी रफीकला झापलं.

"तुह्यापायी मरून राह्यली इथी तुही माय. काही तरी कर."

"काय करू भाऊ? रोज फिरून तर राह्यलो."

"ते मले नको सांगू. तिचे रोजे सोडव, बस्स."

तो मग म्हणाला, "पुढच्या रविवारी बोलतो."

पुढच्या रविवारी त्यानं आईला सांगितलं, लग गई. भाभी रिसीव्हर छातीशी धरून ढसाढसा रडली. संध्याकाळी तिनं गोड भाताचा मोठा टोप चढवला आणि गल्लीतल्या घराघरांत वाटला. माझ्याकडे भरून ताट आलं. अजीमनं पत्र्याची पाटी रंगवली, 'शेख रफीक, बी.ई., हैदराबाद', आणि दारावर ठोकली. त्याचं अक्षर सुरेखच. आणि मी माझीच पाठ थोपटून घेतली, की पाहा, एक दम भरला तर पोरगं कसं कामाला लागलं. मला शंका म्हणून आली नाही.

जूनच्या शेवटी, भर दुपारी, हैदराबादहून फोन आला. एका मुलीचा आवाज, स्वच्छ हिंदी. रफीक शेख आहेत का? मी म्हटलं, तो इथे नसतो, त्याच्या आईला बोलावतो. हाक मारली. भाभी कणकेचे हात घेऊन धावत आली. हातांना कणीक, म्हणून रिसीव्हर मीच तिच्या कानाला धरला. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू आलं. मुलीनं कंपनीचं नाव सांगितलं. रफीकची निवड झाली आहे. सोमवारी सकाळी येऊन रुजू व्हायचं आहे. खोली बदलली का त्यांनी? तिथला फोन कोणी उचलत नाही, म्हणून इथे केला.

भाभीचा चेहरा उजळला. ती सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाली, "बेटी, मेरा बेटा तो अच्छी जगह लग गया. दो महीने होने आये. ये नौकरी तुम किसी और के बच्चे को दे दो. उसकी माँ भी राह देखती होगी."

मुलीनं विचारलं, नक्की ना? भाभी म्हणाली, नक्की. आणि मी, रिसीव्हर धरून उभा, मान डोलवत होतो. काय बाई आहे, वाटलं. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलंसुद्धा, "भाभी, मन मोठं लागते ह्याले." ती हसली आणि पोळ्या करायला गेली.

रविवारी रफीकचा फोन आला. भाभी बाकावर बसलेलीच होती, पण ही गंमत मला आधी सांगायची होती. मी सगळं रंगवून सांगितलं.

"कंपनीचं नाव काय म्हणाली भाऊ ते?"

मी नाव सांगितलं.

"तिथी तीनदा इंटरव्ह्यू दिला मी." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "मले कुठीच नाई लागली भाऊ. रोजे सुटावे म्हणून झूट बोललो होतो."

भाभी माझ्याकडे पाहत होती, तिची पाळी कधी येते म्हणून. तो म्हणाला, "अम्मीले काही बोलू नका. द्या तिले फोन."

मी दिला. तिनं त्याला तेच सगळं परत सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. मग थोडा वेळ ऐकत राहिली आणि लाजल्यासारखी हसली. त्यानं शाबासकी दिली असणार. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी तो त्या कंपनीत जाऊन आला, हे मला पुढच्या वर्षी समजलं, तो कायमचा परत आला तेव्हा. यादीतला दुसरा पोरगा, वरंगलकडचा, त्याच्या जागी तिथे बसून फॉर्म भरत होता. "त्यानं मलेच पेन मागितला भाऊ," रफीक म्हणाला. "मी दिला." आणि मग, "लई थकलो भाऊ मी."

घरी त्यानं सांगितलं, की तिथलं पाणी मानवत नाही, जवळच काही पाहतो. चंद्रपुरात एका धर्मकाट्यावर ट्रकचं वजन हातानं लिहायचे. त्यानं त्यांना कॉम्प्युटरवर पावती निघेल असं बसवून दिलं. मग दुसऱ्या काट्यावर, मग तिसऱ्या. आता राजुरा, घुग्घुस, कुठेही कोळशाचा ट्रक काट्यावर चढला, तर बऱ्याच ठिकाणी पावती रफीकच्या प्रोग्रॅममधून निघते. वाईट चाललेलं नाही त्याचं. पण रुजू व्हायला गेलेला माणूस हैदराबादहून परतला, तो पुन्हा कोणत्या कंपनीच्या दारात गेला नाही. दारावरची पाटी अजून आहे. हैदराबाद उन्हानं पुसट झालं आहे, पण वाचता येतं.

आणि भाभी? ती ही गोष्ट दर ईदला सांगते. आपण नोकरी कशी परत केली, ती मुलगी कशी चकित झाली. मला साक्षीला धरते. "हो ना भाऊ?" मी हो म्हणतो.

दोन हजार नऊची ईद. पुन्हा मंदी, पुन्हा तेच रडगाणं. रफीकची धाकटी बहीण अदीबा बी.सी.ए. होऊन घरी बसलेली, पुण्याला पन्नास ठिकाणी अर्ज टाकलेले. तोंड उतरलेलं. मी शीरखुर्म्याला गेलो होतो. भाभीनं तिला जवळ घेतलं आणि पहिल्यापासून गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "तब मैंने दूसरे के बच्चे को दी, अब अल्ला मुझे देगा. फोन आयेगा तुझे."

रफीक वाटीत चमचा फिरवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "अदीबा, बायोडाटावर नंबर कोणाचा टाकला?"

"माझाच भाईजान, मोबाईलचा. काऊन?"

"काही नाई," तो म्हणाला. "बरं केलं."