आभाराचे दोन शब्द

शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धेतले खो-खोचे सामने अमरावतीला मिळाले, तेव्हा पहिला वाद मैदानावरून नाही, मंचावरून झाला. मैदान होतंच. मंचावर कोण बसणार, हे ठरायला मात्र चार बैठका लागल्या. मी निवृत्त प्राध्यापक, म्हणून आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. आभार शेवटी असतात आणि ते ज्याच्याकडे असतात त्याला मधूनच उठता येत नाही, हे एवढं आयुष्य सभागृहांत घालवल्यावर मला कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी अकोल्याला भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बहिणीचे यजमान गेल्यापासून त्या घरातला वडीलधारा मीच. आमच्याकडे साक्षगंधाला दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसतात, एकमेकांना गंध लावतात, टोपी-दुपट्टा देतात. मगच मुलीला बाहेर आणतात. मामा नसला तर जवळच्या कुणाला तरी मामा म्हणून बसवतात. उद्घाटन सकाळी होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

प्रमुख पाहुणे नागपूरहून निघाले होते. दुपार कलली तरी ते निघालेलेच होते. संयोजक माइकवर "थोड्याच वेळात" म्हणत आणि खाली वाकून माझ्या कानात खरं काय ते सांगत, "वाटेत तिवशाले सत्कार चालू हाये, सर." बंदोबस्तासाठी पुढचं फाटक बंद केलेलं. माझ्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, छातीवर बिल्ला. अशा अवस्थेत माणूस सन्मानित दिसतो. हलू मात्र शकत नाही.

समोर उन्हात चार देशांच्या मुली उभ्या होत्या. नेपाळची कर्णधार पाणी प्यायला मंचापाशी आली आणि मला म्हणाली, "अंकल, खेल कब है?"

"भाषण के बाद."

तिनं मंचावरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि परत गेली. थोड्या वेळानं तिचा सगळा संघ मैदानात बसला. एका रांगेत, उकिडवा, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. कुणी पाठीवर थाप मारून खो दिला की सुटायला तयार. मला त्यांचा हेवा वाटला.

बहिणीचा फोन आला. "दादा, कुठी हायेस?"

"मंचावर."

"मंग उतर."

"आभार राहिलेत."

"कोनाचे?"

"सगळ्यांचे."

"पोराचे मामा येऊन बसले. तुही वाट पाहून राहिले. दिवेलागणीपर्यंत नाही आलास तं शेजारच्या फुलवाल्या भाऊले बसवीन. सांगून ठेवते."

पाहुणे आले. शेजारधर्मावर ते इतका वेळ बोलले की शेजारी देशांनी एकमेकांकडे पाहणंही सोडून दिलं. ते गाडीत बसताच मी माइक धरला, "वेळेअभावी सर्वांचे आभार" म्हटलं आणि मागच्या फाटकाकडे धावलो. माझी गाडी तिथेच होती. तिच्यापुढे मंडपवाल्याचा ट्रक आडवा लावलेला आणि ट्रकला टेकून मंडपवाला.

"जरा ट्रक मागं घेता का?"

"घेतो ना. काहून नाही घेनार? पन आमचं नाव नाही आलं, सर."

"मी कुणाचंच घेतलं नाही."

"बाकीच्याइले खुर्ची भेटली, शाल भेटली. आमचं जे काई येते ते आभारातच येते."

मी परत गेलो. माइकवाला वायर गुंडाळत होता. त्यानं कुरकुरत ती पुन्हा जोडली. रिकाम्या खुर्च्यांपुढे मी मंडपवाल्यांचे जाहीर आभार मानले. "नांदगाव खंडेश्वरचे, थेबी सांगा!" तो मागून ओरडला. तेही सांगितलं. मैदानात सामना एकदाचा सुरू झाला होता. तिकडे कुणी पाहत नव्हतं आणि इकडे कुणी ऐकत नव्हतं. ट्रक हलला.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवे कधीच लागले होते. बैठकीत माझ्या जागी फुलवाला बसला होता. कार्यक्रमाचे हार घेऊन आला आणि थांबला तो थांबलाच. कपाळाला गंध, डोक्यावर नवी कोरी टोपी. मला पाहून तो घाईघाईनं उठायला लागला. "या सर, तुमची जागा हाये."

"बसा भाऊ," बहीण म्हणाली. "गंध लागलं ना? आता लग्नापर्यंत तुमीच मामा." मग माझ्याकडे वळली. "तू लग्नाले ये, दादा. आभार मानाले कोनी लागतेच."

बैठक हसली. मीही हसलो. पिशवीतला टोपी-दुपट्टा मुलाच्या मामांसाठी आणला होता. त्यांच्या खांद्यावर एक दुपट्टा आधीच होता. मी पिशवी खुर्चीखाली सरकवली.

भाची पाया पडत आली. आधी मुलाचे मामा, मग फुलवाले मामा, मग मी. वाकता वाकता ती हळूच म्हणाली, "मामा, तो बिल्ला तं काढा."