थेल्माचा शेवटचा शुक्रवार

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच यंत्र दिसतं: दोन लोखंडी जबडे, त्यांच्यामध्ये ताणलेला हिरवा पट्टा, वर भगभगीत दिवे. डावीकडे खोक्यांची रास, खोक्यांत पॅराशूटचे चारशे पट्टे. आणि मधोमध, चष्मा कपाळावर सारून उभी असलेली थेल्मा यूरकानिन.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणीच्या गावात, पट्टे शिवणाऱ्या कारखान्यात, ती एकतीस वर्षं सैन्याची तपासनीस होती. पगार सरकारचा, खुर्ची कारखान्यातली. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर सहसा कुणी बसत नसे. बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, ती एकटीच खाई, आणि चवीनं खाई.

काम साधं होतं. प्रत्येक खेपेतले आठ पट्टे आपल्या हातानं निवडायचे, यंत्रावर तुटेपर्यंत ताणायचे. ठरल्या ओझ्याआधी एकही तुटला नाही तरच शिक्का. शिक्क्याशिवाय खोकं दाराबाहेर जात नसे.

वॉशिंग्टनमध्ये मात्र सैन्याची खरेदी सुधारायचं ठरलं होतं. माल मिळायला वर्षं लागतात, अशी ओरड होती आणि ती खोटी नव्हती. एका बक्कलासाठी चौदा महिने कागद फिरताना थेल्मानं स्वतः पाहिले होते. सुधारणा हवीच, असं तीही म्हणे. पण उपाय असा निघाला की सोमवारपासून कारखान्यानंच आपला माल तपासायचा आणि आपणच दाखला द्यायचा.

त्या शुक्रवारी आठांतले तीन पट्टे लवकर तुटले. दोरा कच्चा होता. थेल्मानं खेप नापास केली. व्यवस्थापक कर्टिस हॅम खाली आला, पण चिडला नाही. खेप सोमवारपर्यंत इथंच पडू दे, एवढंच म्हणाला.

"कर्टिस, हे बांधून पोरं विमानातून उड्या मारणार आहेत."

"आठांतले पाच टिकले की. तुला नेमके तुटकेच दिसतात. वर तुझ्या निरोपाचा केक आलाय, चल."

ती गेली नाही. तिनं नियमांची वही काढली. किमान आठ नमुने, असं लिहिलं होतं. जास्तीत जास्त किती, हे कुणी लिहिलंच नव्हतं. तशी गरज कधी पडली नव्हती. आणि तुटलेला पट्टा कुणालाच विकता येत नाही.

यंत्र चालवणाऱ्या डेल प्रोसरला तिनं बेत सांगितला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"म्हातारे, एकाला चार मिनिटं लागतात. आत्ता बारा वाजलेत, चारला भोंगा. फार तर साठ होतील."

"साठ तर साठ."

पट्टे कडाकडा तुटू लागले. शिवणाऱ्या बायका मान वर करीनात. प्रत्येक आवाजाबरोबर त्यांच्यातल्याच कुणाची तरी शिवण उसवत होती. दोन वाजता कर्टिस आला, वहीतलं पान वाचून हसला. तोड हवे तितके, तीनशेच्या वर तर उरतीलच, म्हणाला.

थेल्माचे हात थकले, वेग मंदावला. भोंगा झाला तेव्हा आधीच्या आठांखेरीज चोपन्न झाले होते. तीनशे अडतीस पट्टे सोमवारी ट्रकमध्ये चढणार, हे यंत्राजवळच्या दोघांनाही ठाऊक होतं. कर्टिसनं शिक्क्यासाठी हात पुढे केला. तिनं शिक्का त्याच्या तळव्यावर ठेवला आणि मागे न वळता खोक्यातून आणखी एक पट्टा उचलला.

"डेल, पुढचा लाव."