वॉकरच्या पायांखालचं रबर

रबर शिजवावं लागतं, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, झाडातून चीक काढला, वाळवला, झालं रबर. तसलं कच्चं रबर हातात घेऊन बघा. उन्हात ठेवलं की चिकटतं, गारठ्यात कडक होतं, ओढलं तर लांबतं आणि तसंच लोंबत राहतं. त्याला रबर म्हणायला माझं मन घेत नाही. त्यात गंधक घालायचं, कार्बनची काळी पूड घालायची, रोलरवर मळायचं आणि तापलेल्या साच्यात दाबून ठेवायचं, तेव्हा कुठे ते रबर. हे काम मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत केलं, प्रेसवर, केस पांढरे होईपर्यंत. चौथी शिकलेलो. पण माझ्या हातचा माल कोणी परत पाठवला असेल तर समोर येऊन सांगावं.

आमच्याकडे एक केमिस्ट साहेब होते. डबा खाताना एकदा त्यांनी सांगितलं, की रबराच्या आत लांबच लांब साखळ्या असतात. शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, पण मोकळ्या. म्हणून ओढल्या की एकमेकींवरून घसरतात. गंधक आणि आच मिळाली की एक साखळी शेजारच्या साखळीला जागोजागी बांधली जाते. मग ओढलं तरी त्या सुटत नाहीत, आणि सोडलं की सगळ्या मिळून मागे येतात. गाठी थोड्या असल्या तर रबर मऊ, जास्त झाल्या तर कडक, आणि फारच झाल्या तर ते रबर राहतच नाही, नुसतं काळं लाकूड. एकदा बांधलेलं पुन्हा वितळतही नाही. प्लॅस्टिकचा खराब माल वितळवून परत वापरता येतो, रबराचा येत नाही.

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती जुन्या साड्यांची गोधडी शिवत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे टाके." आणि बरोबर आहे. साड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. टाके घातले की ती गोधडी. फार दाट घातले की अंगाला लपेटत नाही, फळीसारखी उभी राहते. तेव्हापासून आमच्या घरात रबराचं बोलणं टाक्यांतच होतं.

गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ठाण्याला ऑपरेशन झालं, ठाकुर्लीच्या घरी आलो, सोबत वॉकर आला. त्याच्या चार पायांना करड्या रंगाच्या टोप्या होत्या. नाव रबराचं, पण नुसतं प्लॅस्टिक. आमच्या गुळगुळीत लाद्यांवर त्या साबणासारख्या सरकायच्या. मी दंडाला धरल्याशिवाय ती पाऊल टाकेना.

कल्याणहून मुलगी यायची, बघायची आणि तोंड वाकडं करायची. एका रविवारी म्हणाली, "बाबा, दसऱ्यापर्यंत थांबते. आई आपली आपण बाथरूमपर्यंत गेली तर ठीक, नाहीतर मी तिला घरी घेऊन जाणार. तुम्हीही चला."

"मी नाही येणार."

"का? जावयाच्या घरचं पाणी कडू लागतं?"

"पाणी पिईन. जेवीन पण. मुक्काम नाही करणार."

लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे माझ्या वडिलांनी पाळलं आणि मीही पाळतो. यात कोणाचा अपमान नाही. मुलगी गेल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे आणि मी तिथे. या वयात वेगळं राहायचं." मी वॉकर उलटा करून टोपी काढली आणि खिशात घातली.

एमआयडीसीत माझ्या हाताखाली तयार झालेल्या एकाने स्वतःचा गाळा घेतलाय. दोन प्रेस, एक रोलर. टोपी बघून तो हसला.

"काका, ही औषधाच्या दुकानात मिळते की."

"ती तुझ्या आईच्या वॉकरला लाव. मला प्रेस दे."

त्याच्याकडे खुर्चीच्या पायांना घालायच्या टोप्यांचा साचा होता. मापात बसत होता. समोर मशीनच्या बुशचं, म्हणजे सांध्यात घट्ट बसणाऱ्या कड्यांचं, कंपाउंड पडलेलं, मळून तयार; गंधक भरपूर, कार्बन भरपूर. मी तेच घेतलं. वर वेळही जास्त दिला. आमच्या खात्यात माल नखाने बघायचे. नख रुतलं तर माल कच्चा. कच्चा माल काढणाऱ्याला तोंडावर कोणी काही बोलायचं नाही. चहाच्या सुट्टीत तो तुकडा त्याच्या डब्याशेजारी गुपचूप ठेवून जायचे, बस. माझ्या डब्याशेजारी असा तुकडा कधी आला नाही. या टोप्यांवरही नख उमटत नव्हतं. दगड. मी खुशीत घरी आलो.

टोप्या बसवल्या. ती उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि वॉकरचा पुढचा पाय सर्रकन गेला. मी जवळच होतो म्हणून तिला धरलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. पलंगावर बसून म्हणाली, "अहो, हे माझ्यासाठी केलंत की लेथ मशीनसाठी?"

"माल एक नंबर आहे."

"असेल. मी मशीन नाही."

"लादी गुळगुळीत आहे त्याला मी काय करू?"

तिने वॉकर बाजूला सारला. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर ताटाशेजारी, जिथे लोणच्याची बरणी असते तिथे, एक काळी टोपी ठेवलेली. शेजारीण ताटं वाढून गेली होती, तिच्याकरवी ठेवून घेतली असणार. खात्यातली ही रीत मीच हिला कधीतरी हसत हसत सांगितलेली. मी टोपी बाजूला सरकवली आणि जेवलो. भात पुन्हा घेतला नाही.

तरी सांगतो, माल चुकलेला नव्हता. जागा चुकलेली. बुशने हलायचं नसतं, म्हणून त्यात टाके दाट हवेत. टोपीला लादी धरायची असते. धरायचं म्हणजे वजन पडल्यावर जरा पसरायला पाहिजे, लादीच्या बारीक खाचांत उतरायला पाहिजे. फळीसारखं उभं राहिलेलं रबर धरणार कशाला?

पुन्हा गेलो. या खेपेला मऊ कंपाउंड घेतलं, कार्बन कमी, गंधक बेताचं, आणि साचा लवकर उघडला. मऊच पाहिजे ना, मग घे मऊ. आता अंगठा नुसता रुतत होता. गाळेवाला म्हणाला, "काका, हे शिजलेलं नाही वाटत." मी म्हटलं, "तू गप रे."

घरी मात्र कमाल झाली. वॉकर लादीला चिकटून बसला. बायको माझा हात न धरता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, तिथे टेकली, परत आली. तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिने लपवलं. रात्री वॉकर पलंगाशी उभा केला. सकाळी बघतो तर चारही टोप्या खाली बसलेल्या, वॉकरच्या नळीची गोल कड आत रुतलेली, वर उचलूनही दबलेला भाग भरून येईना. लादीवर काळे डाग. एका टोपीला चीर गेलेली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कच्चं राहिलं."

"म्हणजे टाके कमी पडले."

"कमी नाही, अर्धवट पडले. शिवता शिवता उठल्यासारखं."

"मग बसून पूर्ण करा की. मी कुठे पळून जातेय?" मग म्हणाली, "दसरा जवळ आलाय बरं का."

तिसऱ्या खेपेला कंपाउंड तेच मऊ घेतलं, पण वेळ पुरा दिला. घाई नाही आणि जास्तीची हौसही नाही. साच्याच्या कडेने जी पातळ पापुद्र्यासारखी पट्टी निघते ती ओढून बघितली. लांबली, सोडली, फट्कन परत आली, होती तेवढी. टोपी अंगठ्याने दाबली. दबली आणि उठली. नख मारलं तर रेघ उमटली आणि बघता बघता गेली. आमच्या खात्यात त्या रेघेवर कोणीतरी नाक मुरडलंच असतं. मुरडू दे. आत लोखंडी चकती टाकायला गाळेवाल्याने सुचवलं, नळीने तळ कापू नये म्हणून. ते मी ऐकलं. चांगलं होतं.

या टोप्यांवर ती चालली. आधी बाथरूमपर्यंत, मग गॅलरीपर्यंत, मग मला न सांगता शेजारणीकडे. मी झोपेतून उठलो तर घरात कोणी नाही. शेजारच्या दारातून तिचं हसणं ऐकू येत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगी आली, नेण्याच्या तयारीनेच. बेल वाजली, मी उठलो नाही. बायकोने जाऊन दार उघडलं. मुलगी दारातच उभी राहिली.

"आई, तू एकटी?"

"बाबा बसलेत आत, राजासारखे."

आई खुर्चीत बसल्यावर मुलीने वॉकर उलटा करून बघितला, टोपी दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. मग ती म्हणाली, "ठीक आहे. मी नाही नेत आईला." मी पेपराचं पान उलटलं.

"थांब," बायको म्हणाली. "मी येते तुझ्याकडे. चार दिवस."

मी पेपर खाली ठेवला. "अगं, आता कशाला? आता तर चालतेयस."

"म्हणून तर. तेव्हा ही मला उचलून नेणार होती. आता मी जातेय."

तिने पिशवी भरून घेतली, दूध कुठे, डाळ कुठे, गॅस कसा बंद करायचा ते मला पहिल्यांदा कळत असल्यासारखं सांगितलं. खाली रिक्षा आली. लिफ्टने उतरलो, बिल्डिंगच्या पायरीशी मी हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "पिशवी धरा."

मी पिशवी धरली. ती आधी वॉकर, मग पाय, मग वॉकर, मग पाय करत रिक्षापर्यंत गेली. रिक्षावाला घाई करत होता, तिने त्याला थांबवलं. वॉकरची घडी मांडीवर आडवी धरून बसली आणि मुलीशी बोलायला लागली. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खाली होतो. मग वर आलो आणि दूध तापवलं.